सोंडा कुठला, तांदळाचा की मक्याचा?

आजचा विषय घरातलाच आहे. इतका घरातला, की एपिसोड संपल्यावर तुमच्यातले निम्मे जण उठून तांदळाचा डबा उघडून बघतील, अशी माझी खात्री आहे.

लहानपणी सुट्टीत गावी गेलं की दुपारचं एक काम ठरलेलं असायचं. आजी सूप घेऊन ओसरीवर बसायची आणि मला हाक मारायची, "ये गं, तांदळात किडं झाल्यात, तुझी नजर चांगली हाय." मग मी वेचत बसायचे. काळपट तपकिरी, तीळाएवढा किडा, पुढे हत्तीसारखी इवलीशी सोंड. बोट लावलं की पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करायचा. आजी त्याला सोंडा म्हणायची. काही घरांत टोके म्हणतात. आजीच्या लेखी सोंडा म्हणजे सोंडा. त्यात प्रकार कसले?

पुढे मी कीटकशास्त्र शिकायला गेले आणि कळलं, की आजीच्या सुपात कदाचित दोन वेगवेगळ्या जाती शेजारी शेजारी चालत होत्या. दिसायला जुळ्या, पण जाती वेगळ्या. आणि हे न कळल्यामुळे माझं एक आख्खं सेमिस्टर पाण्यात गेलं. ती गोष्ट सांगतेच, पण आधी या पाहुण्याची नीट ओळख करून घेऊ.

सोंडा हा भुंगेऱ्यांच्या कुळातला. सोंडवाल्या भुंगेऱ्यांच्या जगभरात पन्नास हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. त्यातले धान्यात राहणारे तीन आपल्या कामाचे. पहिला तांदळाचा सोंडा, शास्त्रीय नाव सिटोफिलस ओरायझी. दुसरा मक्याचा सोंडा, सिटोफिलस झीमेज. तिसरा सिटोफिलस ग्रॅनॅरियस, तो थंड हवेच्या देशांतला.

यांची राहण्याची पद्धत भारी आहे. मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते. सोंडेच्या टोकाला जबडे असतात, म्हणजे ती सोंड म्हणजे एक ड्रिल मशीनच समजा. त्या भोकात एक अंडं घालते आणि वरून चिकट द्रवाने भोक बुजवून टाकते. वरून दाणा एकदम धडधाकट. आत बिनपायाची पांढरी अळी दाणा खात वाढते, आतच कोष होतो, आणि उबदार हवेत साधारण महिन्याभरात पूर्ण वाढ झालेला सोंडा दाणा फोडून बाहेर येतो. म्हणूनच आपण म्हणतो ना, "अहो, कालच निवडून ठेवले होते तांदूळ, आज कुठून आले हे?" ते बाहेरून नाही आले. ते आतच होते.

आता मुद्द्याचं. तिसरा भाऊ ओळखणं सोपं आहे. ग्रॅनॅरियसला उडायचे पंख नसतातच. त्याच्या पाठीवर नारिंगी ठिपके नसतात, आणि मानेमागच्या ढालीवरचे खड्डे लांबट असतात. तांदळाच्या आणि मक्याच्या सोंड्याला मात्र पाठीवर चार फिकट नारिंगी ठिपके असतात, ढालीवरचे खड्डे गोल असतात, आणि दोघांनाही पंख असतात. म्हणजे एकाला बाजूला काढला की उरले हे दोघे. खरी गंमत इथून सुरू होते.

पुस्तकं काय सांगतात? मक्याचा जरा मोठा, जरा गडद, ठिपके जास्त ठळक. तांदळाचा जरा लहान, जरा फिकट. दोघंही साधारण अडीच ते चार मिलिमीटरच्या मधले. आता या वाक्यातला "जरा" हा शब्द बघा. त्या "जरा"नेच माझा घात केला.

झालं असं. एमएस्सीला माझा विषय होता, तांदळाच्या कुठल्या वाणाला सोंडा कमी लागतो. त्यासाठी आधी शुद्ध तांदळाच्या सोंड्याची पैदास हवी. मी दोन-तीन ठिकाणांहून किडलेलं धान्य आणलं, तांदूळ आणि मका दोन्ही. चाळणीवर घेतलं आणि मोठे एका बरणीत, छोटे दुसऱ्या बरणीत असे वेगळे केले. छोट्यांच्या बरणीवर लेबल लावलं, "ओरायझी". मोठ्यांच्या बरणीवर, "झीमेज". मनात म्हटलं, काय सोपं काम आहे!

चार महिने मोजणी केली. रोज सकाळी बरण्या उघडायच्या, बाहेर आलेले सोंडे मोजायचे, वहीत लिहायचं. आकडे मात्र काही केल्या जुळेनात. एकाच वाणावर एका बरणीत भरपूर सोंडे, दुसरीत अगदी थोडे. मला वाटलं ओलाव्याचा फरक असेल. मग वाटलं माझीच मोजणी चुकतेय. शेवटी मॅडमकडे वही घेऊन गेले. त्यांनी दोन पानं उलटली आणि एकच प्रश्न विचारला, "अगं, पोट उघडून बघितलंस का?"

मी म्हटलं, "नाही मॅडम, साइझवरून वेगळे केलेत."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं! नुसतं म्हणाल्या, "मक्याच्या दाण्यात वाढलेला आणि तांदळाच्या दाण्यात वाढलेला एकाच मापाचा कसा होईल?"

आणि डोक्यात प्रकाश पडला. सोंडा आख्खं बालपण एकाच दाण्यात काढतो. जेवढा दाणा, तेवढं अन्न, तेवढी जागा. मक्याच्या मोठ्या दाण्यात वाढलेला तांदळाचा सोंडा चांगला गलेलठ्ठ होतो. तांदळाच्या बारीक दाण्यात वाढलेला मक्याचा सोंडा खुजा राहतो. म्हणजे मी चार महिने जाती वेगळ्या केल्याच नव्हत्या. कोण कुठल्या घरात वाढला, एवढंच वेगळं केलं होतं.

मग पोट उघडायचं म्हणजे नक्की काय? ऐकायला भीतीदायक वाटतं, पण काम शांतपणे करायचं आहे. मेलेला सोंडा कोमट पाण्यात ठेवून मऊ करायचा. मग स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली दोन बारीक सुयांनी त्याचं पोट अलगद वेगळं करायचं. ते पोट दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवायचं. त्यात स्नायू, चरबी असं सगळं मऊ मांस विरघळतं आणि कठीण कवचाचे भाग तेवढे उरतात. हे द्रावण त्वचा भाजतं, त्यामुळे ते घरी करायचं नाही, लॅबमध्ये हातमोजे आणि चष्मा घालूनच. मग पाण्याने धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचं आणि बघायचं.

नर की मादी हे आधीच सोंडेवरून कळतं. नराची सोंड आखूड, जाड आणि खरबरीत. मादीची लांब, सडपातळ आणि जरा चकचकीत. तिला दाण्यात खोल भोक पाडायचं असतं, म्हणून हत्यारही लांब.

नर असेल तर बघायचं त्याचं जननांग, शास्त्रीय भाषेत एडीगस. मिलिमीटरपेक्षाही लहान, किंचित वाकलेली नळी. तांदळाच्या सोंड्यात त्या नळीची वरची बाजू गुळगुळीत आणि फुगीर असते, नखाची पाठ असते ना, तशी. मक्याच्या सोंड्यात त्याच जागी दोन लांब खोबणी असतात, आणि त्यांच्यामध्ये एक उंचवटा. बैलगाडी गेल्यावर चिखलाच्या वाटेवर चाकोऱ्या उमटतात, अगदी तसं चित्र.

मादी असेल तर पोटात इंग्रजी वाय अक्षरासारखी एक बारीक कठीण पट्टी सापडते. तांदळाच्या सोंड्यात त्या वायचे दोन्ही हात रुंद आणि टोकाला गोलसर, मधली फट कमी. मक्याच्या सोंड्यात हात टोकाकडे निमुळते होत जातात आणि त्यांच्यामधली फट मोठी, दोन्ही हातांची रुंदी मिळून होईल त्याहून मोठी.

बस. इतकंच. "जरा मोठा, जरा गडद" असला मामला नाही. खोबणी आहेत किंवा नाहीत. मी माझ्या दोन्ही बरण्यांतून काही सोंडे काढून उघडून बघितले आणि खुर्चीत मागे टेकून बसले. दोन्ही बरण्यांत दोन्ही जाती होत्या. चार महिन्यांची वही कपाटात गेली. ती अजून तिथेच आहे, मी फेकलेली नाही.

तुम्ही म्हणाल, एवढी हुशार माणसं, त्यांना हे आधी कळलं नव्हतं का? तर ऐका, मी एकटीच फसले नव्हते. आख्खं जग फसलं होतं! लिनियसने १७६३ साली तांदळाच्या सोंड्याला ओरायझी हे नाव दिलं. १८५५ मध्ये मोट्शुल्स्की या रशियन अभ्यासकाने झीमेज हे नाव दिलं. पण पुढे बराच काळ बहुतेकांनी हे दोन्ही एकच मानले. विसाव्या शतकात जपानमध्ये, ऑस्ट्रेलियात लोकांच्या लक्षात यायला लागलं की या एकाच जातीत एक मोठा आणि एक छोटा असे दोन प्रकार आहेत. ऑस्ट्रेलियात एल. सी. बर्च यांनी या दोन प्रकारांवर काम केलं. दोघांचं मीलन घडवून आणलं तरी त्यांचा वंश पुढे चालत नाही, असं दिसलं. म्हणजे हे प्रकार नव्हते, स्वतंत्र जातीच होत्या.

पण मग नाव कुणाला कुठलं द्यायचं? तिथे आणखी गोंधळ. काहींनी मोठ्याला ओरायझी म्हटलं आणि छोट्याला वेगळंच नाव दिलं. शेवटी १९६१ साली गिलेर्मो कुशेल यांनी हा गुंता सोडवला. छोटा तो ओरायझी, मोठा तो झीमेज. आज आपण हीच नावं वापरतो. याचा परिणाम काय? १९६१ च्या आधीचा शोधनिबंध वाचताना त्यात "ओरायझी" लिहिलं असेल, तर तो किडा नक्की कोणता होता हे थांबून विचारावं लागतं. नमुने जपून ठेवले असतील तर पोट उघडून बघता येतं. नसतील तर संपलं. म्हणून आमच्या मॅडम नेहमी सांगायच्या, निष्कर्ष लिहिलास तरी किडा फेकू नकोस, बाटलीत ठेव.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल, लाजू नका, वर्गात पण येतो. जननांगच का? पाय का नाही, डोळे का नाही? जुना विचार असा, की हे कुलूप-किल्लीसारखं आहे. प्रत्येक जातीच्या नराची किल्ली त्याच जातीच्या मादीच्या कुलपात बसते. १८४४ साली लिओं द्युफूर या फ्रेंच कीटकअभ्यासकाने ही कल्पना मांडली. आज बरेच अभ्यासक म्हणतात की गोष्ट एवढी सरळ नाही. मादी कुठल्या नराच्या बीजाला पसंती देते, नर एकमेकांशी कशी स्पर्धा करतात, यातून हे भाग पिढ्यान्‌पिढ्या झपाट्याने बदलत जातात. कारण काहीही असो, हातात येणारी गोष्ट एकच. बाहेरचं शरीर जुळ्यासारखं राहिलं तरी हे भाग आधी वेगळे होतात. आणि दाणा मोठा असो की लहान, खोबणी ती खोबणीच राहते.

बरं, पण एवढं करून फायदा काय? दोघंही धान्यच खातात ना? मारायचे ते दोघांना मारायचे!

फरक पडतो. मक्याचा सोंडा चांगला उडतो. कणीस शेतात उभं असतानाच तो कोठारातून उडत जाऊन त्यावर पोचतो आणि कापणीबरोबर धान्यातून घरी येतो. अशा वेळी नुसतं कोठार झाडून, पोती उन्हात टाकून भागत नाही. कापणी लांबवू नका, कणसं लवकर वाळवा, हा सल्ला द्यावा लागतो. आणि नावावर जाऊन तर अजिबात चालत नाही. तांदळाचा सोंडा गहू, ज्वारी खातो, मक्याचा सोंडा तांदळात सापडतो. "मक्यात मिळाला म्हणजे मक्याचा", हे अनुमान म्हणजे "दादरला भेटला म्हणजे दादरचा" असं म्हणण्यासारखं आहे.

याहून मोठा पेच बघायचा असेल तर बंदरावर चला. खापरा भुंगेरा ऐकलाय? ट्रोगोडर्मा ग्रॅनॅरियम. दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी, त्याची अळी केसाळ. कोठाराच्या भिंतीच्या फटीत ही अळी काही न खाता वर्षानुवर्षं पडून राहू शकते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५३ मध्ये तो सापडला आणि त्याला हद्दपार करायची मोहीम १९६६ पर्यंत चालली. तेव्हापासून अनेक देश त्याच्या नावानेच दचकतात. आलेल्या मालात एक जरी सापडला तरी आख्खा कंटेनर अडकतो, परत जातो किंवा पुन्हा धुरी द्यावी लागते.

पण त्याच कुळात त्याच्यासारखेच दिसणारे बरेच निरुपद्रवी किंवा कमी त्रासाचे भाऊबंद आहेत. आणि बऱ्याचदा सापडते ती अळी, नाहीतर अळीची नुसती कात. मग तपासणारा माणूस काय करतो? त्या अळीचं तोंड उघडतो. वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला सूक्ष्म संवेदी उंचवटे असतात. खापऱ्यात साधारण चार, बाकी बऱ्याच जातींत सहा. विचार करा! चार की सहा, यावर कुणाचा तरी तांदूळ जहाजातून उतरणार की नाही हे ठरतं. चुकून खापऱ्याला साधा म्हटलं तर एक नवा देश संकटात. साध्याला खापरा म्हटलं तर इकडे कुणाचं तरी वर्षभराचं नुकसान. मायक्रोस्कोपवर वाकलेल्या त्या माणसाच्या मानेवर केवढं ओझं असेल!

चला, आता तुमच्यासाठी एक गृहपाठ. यात कुणाचं पोट उघडायचं नाही, फोन पुरेसा आहे. फोनला लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स मिळते ना, ती घ्या. जुन्या मैद्यात, रव्यात लालसर तपकिरी चपटे भुंगेरे सापडतात, सोंड नसलेले. हा ट्रायबोलियम, पिठातला तांबडा भुंगेरा. यातही दोन जुळे आहेत. एक कॅस्टॅनियम, दुसरा कन्फ्यूजम. नावातच कन्फ्यूजन, कारण लोकांचा गोंधळ व्हायचा म्हणूनच ते नाव पडलं.

इथे बाहेरूनच फरक दिसतो. मिशा बघा. कॅस्टॅनियमच्या मिशीचे शेवटचे तीन मणी एकदम मोठे होतात, गदेसारखे. कन्फ्यूजमची मिशी टोकाकडे हळूहळू जाड होत जाते. दुसरी खूण, किडा उलटा करून डोके खालून बघा. कॅस्टॅनियमच्या दोन डोळ्यांमधलं अंतर साधारण एका डोळ्याएवढं. कन्फ्यूजममध्ये ते अंतर जवळपास तीन डोळ्यांएवढं. गदा आणि एक डोळा म्हणजे कॅस्टॅनियम, एवढं लक्षात ठेवा. उबदार हवेत कॅस्टॅनियम उडतोही, कन्फ्यूजम सहसा उडत नाही. स्पष्ट फोटो आला तर मला पाठवा. फक्त वरून एक आणि खालून एक, असे दोन फोटो हवेत. नुसता पाठीचा फोटो पाठवून "ताई, हा कोण?" विचारलंत, तर मी उत्तर देणार नाही. मी त्या वाटेने एकदा गेलेय!

आणि जाता जाता एक गंभीर गोष्ट. किडे दिसले म्हणून धान्यात टाकायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणू नका. त्यातून फॉस्फीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो माणसाचा जीव घेतो. त्या गोळ्या प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनी बंदिस्त कोठारात वापरायच्या. घरच्या दोन-चार किलोंसाठी पिशवी हवाबंद करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. दाण्याच्या आतली अळीसुद्धा मरते. मग चाळा, पाखडा, कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. इथे मात्र सोंडा तांदळाचा की मक्याचा, काही फरक पडत नाही. आजीचं म्हणणं इथे बरोबर आहे.

तर माझ्या प्रयोगाचं पुढे काय झालं? पुन्हा सुरू केला. या वेळी एक-एक जोडी वेगळ्या नळीत ठेवली. त्यांची पिल्लं झाली, की आईबापांना उघडून जात पक्की करायची आणि मगच ती पैदास बरणीत टाकायची. सहा महिने उशीर झाला. बरोबरची मुलं नोकरीला लागली, मी सोंडे उघडत बसले. घरून फोन यायचा, "झालं का गं?" आणि मी म्हणायचे, "होतंय."

पण एक सांगते. त्यानंतर जेव्हा आकडे आले, ते जुळले. आणि कुणी विचारलं, "हा नक्की तांदळाचाच सोंडा कशावरून?" तर मला "वाटतं" म्हणावं लागलं नाही. मी बाटली पुढे केली आणि म्हटलं, "बघा ना, वरून गुळगुळीत आहे."

गेल्या दिवाळीला गावी गेले होते. आजीच्या सुपातले चार-पाच सोंडे डबीत भरून आणले. आजी बघत होती. म्हणाली, "येवढं शिकलीस, आन् शेवटी किडंच येचाय लागलीस व्हय?" मी म्हटलं, "हो आजी, पण आता एकेकाचं नाव माहितेय."

आज इथेच थांबूया. डबा उघडून काय सापडलं ते कळवा. पुढच्या भागात भेटू, तोवर धान्य कोरडं ठेवा आणि नजर बारीक ठेवा. नमस्कार!